मावशे, तुझ्या तोंडी मी एक वाक्य घातलं

मावशे,

तू गेलीस त्या दुपारी तुझ्या संतोषचा फोन आला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. म्हणाला, "ताई, आईचा एखादा फोटू पाठवा ना. तुमच्याकडं लई असतील. समोर बघतानाचा पाहिजे, हार घालायला."

मी म्हणाले, "पाठवते. अर्ध्या तासात पाठवते."

अर्ध्या तासाची संध्याकाळ झाली. पाच वर्षांचं तुझं शूटिंग माझ्याकडे आहे. मी एकेक फाईल उघडत गेले. प्रत्येक फाईलमध्ये तू आहेस, पण समोर बघणारी तू कुठेच नाहीस. मिरचीच्या कळीकडे बघतेस, चिमट्याच्या टोकाकडे बघतेस, परातीतल्या पिठाकडे बघतेस. मान वर केलीस तर पदर ओढणारा हात चेहऱ्यावर आलाय. दोन-चारदा तू खरंच माझ्याकडे बघितलं आहेस, आणि लगेच कॅमेऱ्यामागून माझाच आवाज येतो, "मावशे, इकडं नको बघू. तू तुझं काम कर." की तू मान खाली घालतेस, मास्तरीण ओरडल्यासारखी.

शेवटी मी संतोषला कळवलं, सापडत नाही. तो म्हणाला, "येवढे दिवस शूटिंग केलं ना पण तुम्ही?" टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं.

भोकरदनच्या एका दुकानात त्यांनी तुझ्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात तू घाबरलेली दिसतेस. दहाव्याला मी आले तेव्हा त्याच फोटोला हार होता. पोर्ट्रेट काढणारी बाई पाच वर्षं तुझ्या उंबऱ्यात बसून गेली, आणि हार त्या घाबरलेल्या तोंडाला पडला. मी लांबूनच हात जोडले.

आपली ओळख एका खोट्या मिरचीमुळे झाली. मी नवीन जालन्यात एका खोलीत राहून चित्रं काढते, कुणाची नोकरी करत नाही. बियाण्याच्या पुड्यांवरची मिरची-टमाटे काढते, कुणाच्या निवृत्तीला द्यायचं पोर्ट्रेट काढते, आणि मधल्या वेळात स्वतःच्या हिमतीवर माहितीपट करते. छोट्या बियाणे कंपन्यांना पुडीवर फोटो नको असतो, कारण फोटोत मिरची मिरचीएवढीच दिसते. त्यांना चित्र लागतं. त्यातल्याच एका कंपनीच्या माणसाने मला सांगितलं, एकदा झाड तरी बघून या, आणि पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचा पत्ता दिला.

पांढऱ्या जाळीच्या शेडनेटमध्ये मी शिरले. पंधरा-वीस बाया सरीत वाकून होत्या, कुणी बोलत नव्हतं. तू पहिल्या सरीत होतीस. वर न बघताच म्हणालीस, "पोरी, पाय बघून टाक. कळ्या हायेत."

मी तुला आधीच्या वर्षीची पुडी दाखवली. तू हात पदराला पुसून ती घेतलीस, लांब धरलीस, जवळ धरलीस.

"ही कोण्या जातीची हाय?"

"तुम्ही करता तीच, मावशी."

"न्हाई बा. आमची अशी कधी निघली न्हाई. हिला काय फुगा मारला का?"

सगळ्या बाया हसल्या. मग तू अगदी साधेपणाने विचारलंस, "खोटंच काढायचं तर येवढ्या लांब बघायला कशाला आली?"

'तुम्ही'वरूनही तू मला तिथेच झापलंस, "तुम्ही तुम्ही काय लावलंय? मी काय तलाठीन हाय का?" मग मी 'तू' म्हणायला लागले ते आजवर.

त्या दिवशी तू मला क्रॉसिंग, म्हणजे बियाण्यासाठी दोन जातींचा संकर कसा करतात ते, दाखवलंस. उद्या उमलणारी कळी आज हेरायची. चिमट्याने पाकळी सोलायची, आतला नर काढून टाकायचा, पण मधल्या मादीला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या सरीतल्या नराची पावडर तिला लावायची आणि खुणेचा लाल दोरा बांधायचा. "जरा जोर लागला की गेली," तू म्हणालीस. मी चिमटा हातात घेऊन बघितला. माझ्या हातून पाच कळ्या गेल्या. माझा हात बारीक कामात तयार आहे असं मी समजत होते. तू सहावी कळी माझ्या हातातून काढून घेतलीस आणि म्हणालीस, "राहू दे. तू चितर काढ."

नावाचंही तेव्हाच सांगितलंस. "माझ्या आधीची तीन गेल्ती. मंग मला कडू ठेवलं. कडू म्हणल्यावर कोण नेतंय?" हे सांगताना तू हसत होतीस. मीही हसले. आता ते आठवून हसू येत नाही.

मग मी येत राहिले. आधी चित्रासाठी, मग तुझ्यासाठी. तुझं पोर्ट्रेट काढायला मी दोन दुपारी तुझ्या ओट्यावर बसले. तुला रिकामं बसता येईना. अर्ध्या घटकेत तू सूप घेऊन तूर पाखडायला लागलीस. मला तेच हवं होतं. मी तुझे हात काढले. नखातला हिरवा डाग, अंगठ्याला चिमट्याने पडलेला घट्टा, बोटाला गुंडाळलेला दोरा. चेहरा मी मुद्दाम सावलीत ठेवला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र झालं असं मला वाटलं. ते पुण्यात दाखवलं तेव्हा लोकांनाही वाटलं.

तू मात्र बराच वेळ बघून म्हणालीस, "हात लई बराबर काढले. पण हे तर काम हाय. मी कुठं हाय?"

मी तुला समजवायला लागले. म्हणाले, मावशे, तुझा चेहरा तुझ्या हातातच आहे.

"माझं तोंड माझ्या तोंडावर हाय," तू म्हणालीस. थोड्या वेळाने हळूच म्हणालीस, "एकदा मला नुसती बसलेली काढशीन का? काईच न करता. लुगडं चांगलं घालते."

मी हो म्हणाले. काढलं नाही. वेळ नव्हता असं नाही. नुसत्या बसलेल्या तुझ्यात काढण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. हे मी आज तुला सांगते आहे, तुला ऐकू येत नाही तेव्हा.

चित्रात एका जागी थांबावं लागतं, म्हणून मी कॅमेरा आणला. माहितीपटात माणूस हलतो, बोलतो, वेळ जातो, तेव्हा खोटं बोलणं कमी होईल, असा माझा समज होता. शेडनेटमध्ये काम करणाऱ्या बायांवर फिल्म करायची आणि तिच्या मध्यभागी तू असशील, असं ठरवलं. तू लगेच तयार झालीस. मला वाटलं, किती मोकळी बाई आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला कळलं, की तुलाही माझ्याकडून एक गोष्ट हवी होती.

आपण विहिरीच्या मागे बसलो होतो. तू इकडेतिकडे बघून म्हणालीस, "तुझ्या फोनवरून एक नंबर लावून देती का? माझ्यावरून लावला तर संतोषला दिसतंय."

कागदाच्या चिटोऱ्यावर नंबर होता. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "हॅलो?" आणि तू फोन दोन्ही हातांत धरून नुसतीच बसलीस. मग म्हणालीस, "जेवली का?"

ती रेखा होती. तुझी थोरली. तिने जातीबाहेर, स्वतःच्या मनाने लग्न केलं, आणि संतोषने तिच्या नावाने अंघोळ केली. घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. तूही त्याला हो म्हणालीस. नवरा गेल्यावर घर संतोषने सांभाळलं होतं, तो काही वाईट पोरगा नाही, तुला फुलासारखं जपायचा. पण ह्या एका गोष्टीत त्याचा दगड झाला होता. रेखा परतूरला राहते, कपडे शिवते, हे तुला कुणाकुणाकडून कळत होतं. मी तो नंबर माझ्या फोनमध्ये 'रेखा परतूर' म्हणून ठेवला. त्यानंतर मी प्रत्येक वेळी आले की आधी तू तिच्याशी बोलायचीस, मग मी कॅमेरा लावायचे. तू मला शूटिंग करू देत होतीस ते माझ्यासाठी की फोनसाठी, हे मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

मग तुम्ही दोघी राजूरला भेटायला लागलात. चतुर्थीला गणपतीला जाते म्हणून तू घरातून निघायचीस, रेखा परतूरहून जालन्यामार्गे बसने यायची. गर्दीत कोण कुणाला बघतंय. एका चतुर्थीला तू मला म्हणालीस, "तू बी ये." मी कॅमेरा घेऊन आले. रेखाचं शूटिंग मी केलं नाही, तसं तू आधीच सांगितलं होतंस. दोघी नारळाच्या दुकानामागे बसलात, तिने तुला शिवलेलं पोलकं दिलं, तू तिला शेंगदाण्याची चटणी दिलीस. पाऊण तासाने तिची बस आली.

ती गेल्यावर तू लिंबाखाली बसलीस आणि आपणहून बोलायला लागलीस. मी विचारलं, "मावशे, हे घेऊ का?" तू मान डोलावलीस. मी कॅमेरा सुरू केला. तू वीस मिनिटं बोललीस. रेखाच्या जन्माचं, तिच्या शाळेचं, ती गेली त्या दिवसाचं. पाच वर्षांत मी तुझ्याकडून जे मागत होते ते सगळं त्या वीस मिनिटांत होतं. घरी येऊन मी ते एकदा बघितलं आणि माझी झोप उडाली. फिल्म मिळाली होती.

आठ दिवसांनी तू माझ्या खोलीवर आलीस. एकटी. त्याआधी तू कधी नवीन जालन्यात माझ्याकडे आली नव्हतीस. स्टेशनापासून रिक्षावाल्याला विचारत विचारत आली होतीस. पाणीही न पिता म्हणालीस, "नीता, ते राजूरचं काढून टाक."

मी तुला सगळे उपाय सांगितले. रेखाचं नाव काढते. गावाचं नाव काढते. तुझा चेहरा धूसर करते. आवाज बदलते.

"माझा आवाज माझं पोरगं ओळखणार न्हाई का?"

"मावशे, संतोष कुठं बघणार आहे ही फिल्म? पुण्यामुंबईचे लोक बघतील."

"आज न्हाई बघणार. उद्या कोणीतरी फोनवर पाठवंल. आताशा सगळं फोनवर येतंय."

"पण हेच खरं आहे गं. बाकीची फिल्म म्हणजे नुसते हात."

"मंग हातच दाखव," तू म्हणालीस. "तुला हात लई आवडतात."

मला राग आला. तो राग मी लपवला नाही. कॉम्प्युटर तुझ्याकडे वळवला. तुला वाचता येत नाही म्हणून मी तुला चित्र दाखवलं, लिंबाखाली बसलेली तू, बोटाएवढी. "ही बघ. आता नाही." ती दिसेनाशी झाली.

"दुसरीकडं कुठं न्हाई ना?"

हार्ड डिस्कवर एक होती. मी ती लावली आणि तिथलीही काढली. मग तुझ्याकडे बघून म्हणाले, "घे. झालं तुझं समाधान." तू उठलीस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि दृष्ट काढल्यासारखी कडाकडा बोटं मोडलीस. मी मान वळवून बसले होते.

माझे फिल्मवाले मित्र नंतर मला म्हणाले, अशी चीज कुणी पुसतं का, वेडी आहेस. मी त्यांना मोठेपणाने सांगायचे, शब्द दिला होता. पण मावशे, त्यात शब्द थोडा होता आणि तुला दाखवून देण्याची खुमखुमी जास्त. तुझ्याशी प्रेमाने वागले असते तर मी म्हणाले असते, मला एकदा शेवटचं ऐकू दे, मग काढते. तेवढंही सुचलं नाही.

फिल्म झाली. अठ्ठावीस मिनिटांची. पुण्याच्या एका छोट्या सभागृहात दाखवली तेव्हा एक बाई उठून म्हणाल्या, फार सुंदर आहे, पण ती बाई शेवटपर्यंत बंदच राहते. मी घरी आले आणि तुला फोन केला. संतोषच्या बायकोने उचलला, तुला दिला. मी म्हणाले, "मावशे, तू मला शूटिंग करू दिलं, पण फिल्म नाही करू दिली." तू म्हणालीस, "माझं घर मोडून कशी करू देऊ?" आणि फोन ठेवलास. तू असा फोन ठेवलास तो पहिल्यांदाच. त्यानंतर चार महिने मी आले नाही. चार महिने तू रेखाशी फोनवर बोलू शकली नाहीस, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तरी मी आले असते का, माहीत नाही.

मग दिवाळीनंतर कळलं, की तू सकाळी शेडनेटमध्ये काम करता करता बाजूला पडलीस. भोकरदनहून तुला जालन्याच्या दवाखान्यात आणलं. माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर. मी आले तेव्हा संतोष बाहेर औषधं आणायला गेला होता. तुझं तोंड एका बाजूला ओढलं होतं. उजवा हात चादरीवर पडला होता, कुणी ठेवून विसरल्यासारखा. मी सवयीने बॅग खांद्याला लावून आले होते. तुझे डोळे आधी बॅगेकडे गेले. मी म्हणाले, "नाही मावशे, काढत नाही." आणि बॅग कॉटखाली सारली.

तू डाव्या हाताने माझं मनगट धरलंस. तोंडातून आवाज काढलास. एकच शब्द होता, किंवा दोन. पुन्हा काढलास. मला कळला नाही. मी वाकले, कान तुझ्या ओठांशी नेला. तू तिसऱ्यांदा बोललीस, तुझ्या कपाळाला घाम आला. मला तुझे हाल बघवेनात. मी म्हणाले, "हो मावशे. हो. कळलं."

तू मनगट सोडलंस आणि डोळे मिटलेस. तुला वाटलं, हिला कळलं.

मी कशाला हो म्हणाले? कॅमेरा नको म्हणत होतीस का? पाणी मागत होतीस? संतोषला हाक मारत होतीस? की रेखा म्हणत होतीस? र चा आवाज होता का त्यात? मी हे एकवीस दिवस रोज मनात लावून बघते. कधी र ऐकू येतो, कधी येत नाही. रेखाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. फोन माझ्या हातात होता. दोन दिवस तू तिथे होतीस. मी लावला नाही. स्वतःला सांगत राहिले, त्यांच्या घरचं आहे, आपण कोण, इथे संतोष आहे, दवाखान्यात तमाशा होईल. तिसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस. तेव्हाही मी लावला नाही. तिला तिसरीकडूनच कळलं.

आता काल काय झालं ते सांगते. हे सगळं लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

काल दुपारी रेखा आली. दार उघडलं आणि ती उभी. राजूरला बघितली होती त्याहून बारीक झाली आहे. मी बस म्हणाले, पाणी दिलं. तिने ग्लास हातात धरून ठेवला.

"ताई, आई दवाखान्यात हाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"माझा नंबर होता ना तुमच्याकडं?"

"हो."

ती मला काही बोलेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. ते बरं झालं असतं. ती नुसती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "जाऊ द्या. मला माती द्यायला बी येऊ दिलं नसतं." थोड्या वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि ज्यासाठी आली होती ते विचारलं. "आई मला पुढच्या चतुर्थीला राजूरला म्हणली होती, मागं तू गेल्यावर मी नीताला तुझ्याबद्दल सगळं सांगितलं, शूटिंगमध्ये. तेवढं मला ऐकू द्या. मी काही मागणार न्हाई. हितंच बसून ऐकते आन् जाते."

मी तिला सांगितलं, ते नाही. तुझ्या आईने काढायला लावलं.

"कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही."

"मंग तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्ही तर समोर होत्या. आई काय काय म्हणली?"

मावशे, मी आठवायला लागले. मला आठवत होतं की लिंबाच्या पानातून ऊन हलत होतं आणि तुझा अर्धा चेहरा सारखा जळत होता. मला आठवत होतं की देवळाचा भोंगा मध्येच सुरू झाला आणि मी मनातून चरफडले. बॅटरीची खूण लाल झाली होती. तुझ्या मागे एक माणूस येऊन उभा राहिला होता आणि मी हाताने त्याला सरकायला सांगत होते. सगळं आठवत होतं. तुझे शब्द आठवत नव्हते. मी कानाला हेडफोन लावून तुझा आवाज नीट येतोय का ते ऐकत होते. तू काय बोलतेस ते नंतर ऐकू म्हणून ठेवलं होतं. घरी ऐकलं तेव्हाही हे फिल्ममध्ये कुठे बसेल, याच हिशेबाने ऐकलं.

दोन वाक्यं हाताला लागली. मी सांगितली. "म्हणाली, रेखा लहानपणी डाव्या हातानं जेवायची. मी मारून मारून तिचा हात उजवा केला. आता वाटतंय, राहू द्यायला पाहिजे होता."

रेखा हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "कात्री मी अजून डाव्यानंच धरते," ती म्हणाली. "मंग? अजून?"

"अजून तुझ्या जन्माचं. शाळेचं."

"काय पण?"

ती पुढे सरकून बसली होती. मास्तरांसमोर बसतात तशी. मग तिने खाली बघून विचारलं, "मी गेले त्याबद्दल काही म्हणली का?"

इथे मला एक गोष्ट लख्ख आठवली. मीच तुला लिंबाखाली शेवटी विचारलं होतं, "मावशे, पोरीचं चुकलं का गं?" तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस. आणि उठलीस, लुगडं झटकलंस, म्हणालीस, "चल, गाडी लागली." तू उत्तर दिलं नव्हतंस. तुझ्या मनात काय होतं ते तूच जाणे. तुझ्या न बोलण्याचे दहा अर्थ निघतात, आणि त्यातले पाच त्या पोरीला आयुष्यभर सलत राहिले असते.

मी म्हणाले, "म्हणाली. म्हणाली, पोरीनं काही चूक केली नाही."

रेखाने मान वर केली. "असंच म्हणली? ह्याच शब्दात?"

"ह्याच शब्दात."

मी हे तुझ्या नावावर बोलले, मावशे. तुला न विचारता. तू नसताना. तुझं घर मोडू नये म्हणून तू जे आयुष्यभर गिळलंस, ते मी एका दमात तुझ्या तोंडी घातलं, आणि घालताना माझा आवाजही हलला नाही. तुझ्या मनात हेच असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते आहे. नसेल तर माझ्याकडे दुरुस्तीला काही नाही. तुला विचारायची सोय नाही. तिला खरं सांगायची हिंमत नाही.

मग ती म्हणाली, "लिहून द्या ना. माझ्या घरच्याला दाखवते. त्यो रोज म्हणतो, माझ्यामुळं तुझी आई तुटली."

मी टेबलावरचा कागद घेतला. चांगला, जाड कागद, चित्रासाठी ठेवलेला. काळ्या शाईने, माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात ते एक वाक्य लिहिलं. खाली तुझं नाव लिहिलं, कडूबाई. हात स्थिर होता. तिने कागद घेतला, शाई वाळायची वाट बघत ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला. आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"आई 'चूक' न्हाई म्हणायची," ती म्हणाली. "'चुकी' म्हणायची. आन् 'नाही' बी न्हाई. 'न्हाई' म्हणायची."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. कागदावर बोट ठेवून, कुठे दुरुस्त करायचं ते दाखवत होती. तिला कळलं होतं की नव्हतं, हे मला काल कळलं नाही आणि आजही कळत नाही.

मी नवीन कागद घेतला. ती सांगत गेली तसं लिहिलं. 'पोरीनं काईच चुकी केली न्हाई.' तिने तो चार घड्या करून पिशवीत ठेवला, माझ्या पाया पडली, आणि परतूरची गाडी चुकेल म्हणून भराभरा जिना उतरून गेली.